वेठकऱ्याचा मुलगा

‘वेठीस धरणे’ हा वाक्प्रचार आपण रोजच्या बोलण्यात सहज वापरतो. परंतु ज्याच्या दाराशी जमीनदाराची वेठ खरोखरच येऊन उभी राही, त्याच्या घरातले दिवस कसे जात असतील, याची कल्पना शहरात वाढलेल्या माणसाला सहसा येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील शेतकऱ्याच्या मानेवर हे जू होते. घर त्याचे, गोठा त्याचा, जमिनीची मशागतही त्याचीच. पण आठवड्यातील ३ दिवस त्याने औतबैल घेऊन जमीनदाराच्या कामावर हजर राहिले पाहिजे, असा शिरस्ता होता. उरलेल्या दिवसांत त्याने स्वतःचे शेत पाहावे. पाऊस मात्र हा हिशेब पाहून पडत नसे. या वेठीला तिकडे ‘रोबोट’ असे नाव होते. पुढे १९२० साली कारेल चापेक या झेक लेखकाने आपल्या नाटकात माणसाप्रमाणे राबणाऱ्या कृत्रिम कामकऱ्यांना तेच नाव दिले, आणि त्या जुन्या वेठीची स्मृती नकळत साऱ्या जगाच्या भाषांत जाऊन बसली.

अशा एका वेठकऱ्याच्या घरी, सिलेशिया प्रांतातील हाइन्त्सेनडोर्फ नावाच्या लहानशा खेड्यात, १८२२ च्या जुलै महिन्यात एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव योहान ठेवले. बापाचे नाव आंटोन मेंडेल, आईचे रोझिने. वेरोनिका ही थोरली बहीण. थेरेसिया ही धाकटी, ती १८२९ ची. मुलगा हा एवढा एकच. शेतकऱ्याच्या घरी एकुलता एक मुलगा म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणास सांगावयास नको. त्याच्या जन्माबरोबरच नांगराचा पुढचा धनी ठरून गेलेला असतो.

हा मुलूख ओडर नदीच्या उगमाकडचा. तेथील गाई नामांकित, म्हणून त्यास ‘गाईंचा मुलूख’ असेच म्हणत. वस्ती जर्मन बोलणाऱ्यांची होती. शेजारीच झेक बोलणाऱ्यांची गावे. आंटोन मेंडेल तरुणपणी नेपोलियनच्या लढायांच्या काळात ऑस्ट्रियाच्या फौजेत चाकरी करून आला होता. चार मुलूख पाहिलेला, कष्टाळू आणि करारी असा हा गृहस्थ होता. परत आल्यावर त्याने जुने लाकडी घर पाडून विटांचे बांधले. पण त्याचा खरा जीव होता तो घराशेजारच्या फळझाडांत. रानटी खुंटावर चांगल्या जातीची काडी बांधून कलम करावयाचे, ते जगले की नाही हे दिवसेंदिवस पाहावयाचे, आणि पुढे फळ धरले म्हणजे ते कोणावर गेले याचा विचार करावयाचा, हा त्याचा विरंगुळा. वेठीतून सुटलेला वेळ तो तेथे घालवी, आणि लहानगा योहान त्याच्या मागेमागे असे.

या कामात गावचे धर्मगुरू श्रायबर यांचेही अंग होते. ते स्वतः फळबागेचे मोठे शोकीन. चांगल्या जातीच्या काड्या आणून ते शेतकऱ्यांस वाटीत व कलमे बांधण्यास शिकवीत. गावच्या शाळेत माकिट्टा नावाचे मास्तर होते. तेथील जमीनदारीण बाईंच्या आग्रहावरून या खेडवळ शाळेत लिहिणे, वाचणे व हिशेब यांच्या जोडीला निसर्गाची ओळख, फळझाडांची निगा आणि मधमाश्यांचे पालन हेही विषय शिकवले जात. ज्या जमीनदारीने बापास आठवड्यातील ३ दिवस राबवावे, तिनेच मुलास फुलाचे अंतरंग दाखवावे, हा योग मोठा चमत्कारिक खरा. पण इतिहासात उपकार आणि जुलूम पुष्कळदा एकाच दारातून बाहेर पडतात.

मुलगा हुशार आहे, हे माकिट्टा मास्तरांच्या लवकरच ध्यानात आले. त्यांनी आईबापांस सांगितले की, यास पुढे शिकविल्यावाचून ठेवू नका. आईस ते पटले. बापाच्या मनात काय आले असेल याची नोंद नाही. पण ११ वर्षांच्या योहानला त्याने १८३३ साली लाइपनिक येथील मोठ्या शाळेत पाठविले, व पुढच्याच वर्षी त्रोपाऊच्या विद्यालयात. तेथे जेवणाखाण्याची पुरती फी भरण्याची ऐपत नव्हती, म्हणून मुलाचे नाव अर्ध्या शिध्यावर घातले. घरून अधूनमधून पाव आणि लोणी जाई, त्यावर बाकीची भूक भागवावयाची. आपल्याकडे वार लावून जेवून शिकलेल्या पिढीस हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही.

अशी ४ वर्षे गेली. मग १८३८ साली आंटोन वेठीच्या कामावर जंगलात गेला असता झाडाचा ओंडका येऊन त्याच्या छातीवर आदळला. माणूस वाचला, पण छाती कायमची अधू झाली. जड काम त्याच्याने पुन्हा कधी झाले नाही. घरून येणारी मदत बंद पडली, आणि १६ वर्षांच्या योहानने स्वतःचे पोट स्वतः भरावे अशी वेळ आली. त्याने खासगी शिक्षकाच्या परवान्यासाठी लागणारा अभ्यास केला, आणि आपल्याहून लहान मुलांच्या शिकवण्या धरून विद्यालयाचा क्रम चालू ठेवला. पुढच्याच वर्षी तो आजारी पडून काही महिने घरी होता. घरी पडून राहिलेल्या मुलास खिडकीतून काय दिसत असेल? अधू झालेला बाप, न नांगरलेली पट्टी, आणि तरीही वेठीसाठी येणारे बोलावणे.

१८४० साली विद्यालयाचा अभ्यासक्रम संपवून तो ओल्म्युट्झ येथे तत्त्वज्ञान व विज्ञान शिकावयास गेला. तेथे त्याच्या ओळखीचे कोणी नव्हते, कोणाची शिफारस नव्हती; म्हणून शिकवण्या मिळेनात. हेलपाटे घालून घालून तो पुन्हा अंथरुणास खिळला, आणि जवळजवळ वर्षभर घरी येऊन राहिला. शेतकऱ्याच्या मुलाची पुस्तकांशी गाठ पडली म्हणजे पहिली काही वर्षे त्याचा देह असाच दोन घरांच्या मध्ये लटकत असतो. शेत त्याला सुटलेले नसते, आणि शाळेने त्याला अजून आपला म्हटलेले नसते.

त्या १८४१ सालीच घरात निर्णयाची घडी आली. बापास शेत झेपत नव्हते. मुलगा आता १९ वर्षांचा, कर्ता म्हणावा असा. रिवाजाप्रमाणे त्याने पुस्तके मिटून औत धरावयाचे. त्याने तसे केले असते तर त्यास कोणी नावे ठेवली नसती. उलट न केल्याबद्दलच गावात चार माणसे बोलली असतील. आंटोनने शेत थोरल्या मुलीच्या नवऱ्यास, आलॉइस श्टुर्म यास, विकत दिले. करारपत्रात योहानसाठी काही रक्कम लिहून ठेवली होती, पण ती त्याच्या शिक्षणास पुरण्यासारखी नव्हती. तेव्हा धाकटी थेरेसिया पुढे आली. तिच्या लग्नासाठी जो वाटा बाजूस ठेवावयाचा, त्यातला भाग तिने भावाच्या शिक्षणासाठी सोडून दिला. ती त्या वेळी १२ वर्षांची होती. बारा वर्षांच्या मुलीस आंदणाचे मोल कळत नाही, असे म्हणून कोणी हा त्याग लहान करू पाहील. पण शेतकऱ्याच्या घरातल्या बारा वर्षांच्या मुलीस ते पुरेपूर कळते. भावासही ते कळले होते, हे त्याच्या पुढच्या वागण्यावरून दिसते.

या पैशावर आणि मिळतील त्या शिकवण्यांवर त्याने ओल्म्युट्झचा अभ्यास १८४३ साली पुरा केला. पण पुढे काय? विद्यापीठाचे दार उघडण्यास पैसा हवा होता. नोकरीस वशिला हवा होता. त्याचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक फ्रान्ट्स यांनी ब्रून शहरातील (आजचे ब्र्नो) संत थॉमसच्या मठाकडे त्याची शिफारस केली. मठाचे प्रमुख नाप हे विद्याव्यासंगी गृहस्थ. त्यांस देवभक्तीबरोबर बुद्धीही असलेली तरुण मुले हवी होती. १८४३ च्या ऑक्टोबरात योहान मठात दाखल झाला आणि त्यास ग्रेगोर हे नवे नाव मिळाले.

हा देवाचा हाक मारण्याचा क्षण होता काय? चरित्रकार पुष्कळदा तसे रंगवतात. परंतु पुढे १८५० साली एका अर्जास जोडण्यासाठी ग्रेगोर मेंडेल यांनी आपला छोटासा जीवनवृत्तांत लिहिला. तोही स्वतःस ‘तो’ म्हणून, तिऱ्हाइताप्रमाणे. त्यात त्यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे की, असली ओढाताण सोसणे पुढे अशक्य झाले, पोटाच्या रोजच्या विवंचनेतून सुटका होईल असा आश्रम स्वीकारणे भाग पडले, आणि आपल्या व्यवसायाची निवड आपल्या परिस्थितीनेच केली. ज्या मठाच्या प्रमुखाच्या हाताखाली राहावयाचे, त्याच्याच संमतीने जाणाऱ्या अर्जात असे लिहिण्यास धैर्य लागते. त्यात कडवटपणा नाही. शेतकरी ज्या सुरात ‘यंदा पाऊस उशिरा आला’ असे सांगतो, त्या सुरातले ते वाक्य आहे.

मठाची वस्त्रे अंगावर चढल्यावर मेंडेल यांस एकेरी संबोधणे बरे दिसणार नाही. १८४७ साली त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि रुग्णांच्या भेटीस जाण्याचे काम त्यांच्याकडे आले. येथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. मरणाच्या दारी असलेल्या माणसाच्या अंथरुणापाशी बसले की हे स्वतःच आजारी पडत. दुसऱ्याच्या वेदना पाहवत नसत. नाप यांनी हे ओळखले आणि त्यांस दोष न देता १८४९ साली स्नायम गावच्या शाळेत तात्पुरते शिक्षक म्हणून पाठवून दिले. तेथे मेंडेल रमले. मुलांसमोर उभे राहिले म्हणजे त्यांचा भित्रेपणा नाहीसा होई.

मग शिक्षकीच्या सनदेची परीक्षा आली. १८५० साली ते व्हिएन्नास परीक्षेस बसले आणि नापास झाले. प्राणिशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत त्यांनी सस्तन प्राण्यांची शास्त्रीय नावे न देता घरगुती बोलीतील नावे घातली होती. परीक्षकांनी अन्याय केला असे म्हणता येत नाही. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या माणसाने स्वतः वाचून जेवढे मिळवावे तेवढेच त्यांच्यापाशी होते. उलट बाउमगार्टनर या परीक्षकानेच नाप यांस सुचविले की, या माणसास विद्यापीठात पाठवा. त्याप्रमाणे १८५१ ते १८५३ ही वर्षे मेंडेल व्हिएन्नात शिकले. पदार्थविज्ञान शिकवावयास डॉप्लर होते, एटिंग्सहाउझेन होते, वनस्पतिशास्त्रास उंगर. १८५६ साली ते पुन्हा परीक्षेस बसले, आणि पुन्हा अपयश घेऊन, आजारी होऊन परतले. सनद त्यांस कधीच मिळाली नाही. ब्रूनच्या शाळेत १८५४ पासून १८६८ पर्यंत १४ वर्षे त्यांनी पदार्थविज्ञान व निसर्गशास्त्र शिकविले ते तात्पुरते शिक्षक म्हणूनच. वर्गात ते हसतमुख आणि समजावून सांगण्यास कधी न कंटाळणारे होते, अशी त्यांच्या विद्यार्थ्यांची आठवण. या आठवणी जमवून १९२४ साली त्यांचे पहिले मोठे चरित्र लिहिले ते ह्यूगो इल्टिस यांनी. आणि हे इल्टिसही ब्रूनमधले एक शिक्षकच.

ज्या १८५६ साली दुसरी परीक्षा फसली, त्याच वर्षी मठाच्या बागेतील एका पट्टीत मेंडेल यांनी वाटाण्याचे प्रयोग सुरू केले. लांबीला सुमारे ११५ फूट आणि रुंदीला २३ फूट अशी ती पट्टी. एखाद्या मध्यम वाड्याचे परसू यापेक्षा मोठे असते. त्यापूर्वी २ वर्षे त्यांनी निरनिराळ्या ३४ वाणांचे बी जमवून, पेरून, कोणता वाण आपल्या गुणास पक्का आहे याची पारख केली होती. बी पेरण्यापूर्वी बियाण्याची खात्री करून घ्यावी, ही अक्कल विद्यापीठातून आली असे कोणास म्हणावयाचे असेल तर त्याने म्हणावे.

वाटाणाच का? वाटाण्याचे फूल मिटलेल्या मुठीसारखे असते. त्यातले परागकण त्याच फुलात पडतात, बाहेरचे सहसा शिरत नाहीत. म्हणून वाण भेसळीवाचून टिकतो. आपणास संकर करावयाचा असेल तर कळी पुरती उमलण्यापूर्वी उघडावी, चिमट्याने तिच्यातील पुंकेसर काढून टाकावेत, दुसऱ्या वाणाचे पराग आणून लावावेत आणि फुलावर कागदाची किंवा कापडाची पिशवी बांधावी. हे काम बोटांचे आहे. कलमाची काडी खुंटावर बसविताना ज्या हातास घाई करू नये हे लहानपणी शिकविले गेले, तोच हात येथे उपयोगी पडला.

त्यांनी ७ गुण निवडले: दाणा गोल की सुरकुतलेला, आतून पिवळा की हिरवा, झाड उंच की ठेंगू, असे स्पष्ट दिसणारे. गोल दाण्याच्या झाडाचा सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडाशी संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती नाहीशी झाली. पूर्वीच्या अभ्यासकांसही एवढे दिसले होते. पण मेंडेल यांनी ते गोल दाणे पुन्हा पेरले, आपसूक फळू दिले, आणि शेंगा सोलून दाणे मोजावयास बसले. ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. गेलेली सुरकुती नातवंडांत परत आली होती. आणि तीही वाटेल तशी नव्हे, तर दर ४ दाण्यांत सुमारे १ अशा हिशेबाने. रंगाच्या बाबतीत ८,०२३ दाणे मोजले; ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. तेच प्रमाण.

त्याच्याही पुढे ते गेले. दुसऱ्या पिढीतील गोल दाणे दिसावयास सारखे; पण ते आतून सारखे आहेत काय? त्यांपासून झालेली ५६५ झाडे त्यांनी तपासली. १९३ झाडांनी गोलच दाणे दिले. ३७२ झाडांनी पुन्हा दोन्ही प्रकारचे दिले. म्हणजे वरून एक दिसणाऱ्या दर ३ दाण्यांपैकी २ दाणे आपल्या पोटात आजीचा किंवा आजोबाचा झाकलेला गुण वागवीत होते. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन अंश प्रत्येक जीव घेऊन येतो, त्यांतला एक दुसऱ्यास झाकतो पण पुसून टाकीत नाही, आणि पुढच्या पिढीस देताना ते दोन्ही पुन्हा वेगळे होतात, हा निष्कर्ष त्यांनी या दाण्यांतून काढला. १८६३ पर्यंतच्या ८ वर्षांत सुमारे २८,००० झाडे त्यांच्या हाताखालून गेली.

गुणांची अशी मोजदाद करून त्यातून गणिताचा नियम काढावा, हे त्यांच्या आधी कोणास साधले नव्हते. त्याचे श्रेय व्हिएन्नातील गणित व पदार्थविज्ञान यांस दिले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु मूळ प्रश्न कोणाचा? ब्रूनच्या आसपास मेंढ्या व लोकर यांचा मोठा धंदा होता. चांगल्या मेंढ्याचे गुण पिलांत का उतरतात आणि का उतरत नाहीत, यावर तेथील मेंढपाळ व व्यापारी वादविवाद करीत. मेंडेल मठात येण्यापूर्वीच नाप यांनी अशा सभेत विचारले होते की, वारशाने नेमके काय येते आणि कसे येते, हा खरा प्रश्न आहे. कलम बांधणाऱ्या आंटोन मेंडेलचाही प्रश्न तोच होता. मुलगा बापाचे शेत सोडून गेला खरा. पण त्या शेताचा प्रश्न त्याच्याबरोबर मठात आला. आंटोन १८५७ साली वारला. वाटाण्याच्या प्रयोगांचे ते दुसरेच वर्ष होते.

या संख्यांविषयी एक आक्षेप प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. १९३६ साली फिशर या इंग्रज गणितज्ञाने दाखविले की, मेंडेल यांचे आकडे अपेक्षित प्रमाणास फारच जवळ आहेत. निसर्ग इतका नीटनेटका नसतो. त्यावर आजवर पुष्कळ वाद झाला आहे. कोणी म्हणतात, सीमेवरच्या दाण्यांची गणना करताना नजर झुकली असेल. पण नियम खोटा आहे असे कोणासही दाखविता आलेले नाही, आणि ज्याने ज्याने वाटाणे पेरून मोजले, त्याच्या पदरी तेच प्रमाण पडले.

१८६५ साली ८ फेब्रुवारीस आणि पुन्हा ८ मार्चास मेंडेल यांनी ब्रूनच्या निसर्गशास्त्र मंडळापुढे आपला निबंध वाचला. मंडळी सभ्यपणे ऐकून घरी गेली. १८६६ साली निबंध छापून निघाला. मंडळाचा अंक शंभराहून अधिक संस्थांकडे जात असे. कोणी लक्ष दिले नाही. म्युनिकचे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी त्यांचा काही वर्षे पत्रव्यवहार झाला. पण नेगेलींनाही त्यातले मर्म उमगले नाही. त्यांच्या आवडीच्या हॉकवीड नावाच्या रानफुलावर मेंडेल यांनी डोळे शिणेपर्यंत प्रयोग केले, आणि वाटाण्याचा नियम तेथे काही लागू होईना. त्या वनस्पतीत पुष्कळदा परागावाचूनच बी धरते, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते.

दरम्यान, ज्या वेठीने आंटोनची छाती चिरडली ती वेठ संपली होती. ती संपविण्याचा प्रस्ताव १८४८ च्या क्रांतीत व्हिएन्नाच्या सभेत मांडला तो हान्स कुडलिश याने. हाही सिलेशियातील एका वेठकऱ्याचाच मुलगा, मेंडेल यांच्याहून वर्षाने लहान, पंचविशीही न गाठलेला. सप्टेंबरात तसा कायदा झाला. क्रांती मोडल्यावर कुडलिशला देश सोडावा लागला आणि त्याचे पुढचे आयुष्य अमेरिकेत डॉक्टरकी करण्यात गेले. एकाच मातीतून निघालेल्या या दोघांची तुलना करण्याचा मोह होतो. एकाने बापाच्या मानेवरचे जू काढले. दुसऱ्याने बापाच्या फुरसतीचा छंद पुढे चालविला. वारस म्हणून दोघांपैकी अधिक मोठा कोण, हे ठरविण्याच्या भरीस पडू नये.

नाप वारल्यावर १८६८ साली मेंडेल मठाचे प्रमुख निवडले गेले. शाळा सुटली आणि बागेतला वेळही हळूहळू आटत गेला. १८७४ साली सरकारने मठांवर नवा कर बसविला. मेंडेल यांस तो अन्यायाचा वाटला, आणि इतर मठांनी तडजोड केल्यावरही त्यांनी तो अखेरपर्यंत मान्य केला नाही. मित्र दुरावले, प्रकृती ढासळली. या हट्टाचे कौतुक करावे की हळहळावे, याविषयी मते भिन्न आहेत. हळहळ अधिक वाटते, कारण त्या अर्जांत आणि उत्तरांत गेलेली वर्षे बागेस मिळाली असती. उरलेल्या वेळात ते मधमाश्या पाळीत, फळझाडांची कलमे बांधीत, आणि हवेच्या नोंदी ठेवीत. माकिट्टा मास्तरांच्या शाळेतला अभ्यासक्रम त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, असे म्हटले तरी चालेल.

थेरेसियाच्या आंदणाचे काय झाले? तिचे पुढे शिंडलर घराण्यात लग्न झाले आणि तिला ३ मुलगे झाले. त्या तिघांच्या शिक्षणाचा भार मामाने उचलला. मुले ब्रूनला शिकावयास राहिली, रविवारी मठात मामाकडे जात, आणि त्यांतले आलॉइस व फेर्डिनांड हे दोघे पुढे डॉक्टर झाले. हाइन्त्सेनडोर्फ गावात आगीचा बंब ठेवण्याचे घर बांधावयाचे ठरले तेव्हा मेंडेल यांनी त्यासही पैसा दिला. ते गाव त्यांनी सोडले होते, विसरले नव्हते.

१८८४ च्या ६ जानेवारीस मेंडेल यांचे देहावसान झाले. अंत्यविधीच्या वेळचे संगीत लेओश यानाचेक या संगीतकाराने चालविले. शहर लोटले ते मठाच्या प्रमुखास निरोप देण्यास. वाटाण्याची गोष्ट कोणाच्या मनात नव्हती. त्यांचे बहुतेक कागद पुढे नष्ट झाले. त्यानंतर १६ वर्षांनी, १९०० साली, हॉलंडचे द फ्रीस, जर्मनीचे कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे चेर्माक या तिघांनी आपापले प्रयोग प्रसिद्ध करताना तो जुना निबंध उजेडात आणला. आज गव्हाचा नवा वाण काढणारा संशोधक असो की घराण्यातील रोगाचा माग काढणारा वैद्य, त्याची पहिली पायरी त्या ११५ फूट लांबीच्या पट्टीतच आहे.

१९०२ च्या जुलै महिन्यात हाइन्त्सेनडोर्फ येथे मेंडेल यांच्या स्मरणार्थ एक फलक बसविण्यात आला. गावकरी जमले. त्या प्रसंगी आपल्या मामाच्या आयुष्याविषयी भाषण केले ते डॉक्टर आलॉइस शिंडलर यांनी, थेरेसियाच्या मुलाने.